माय गेल्यानंतरचा बीपी

चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी जेमतेम थांबते, म्हणून माझा निरोपही तेवढाच झाला. माय रडली नाही. खिडकीचे गज धरून एवढंच म्हणाली, "तिकडं दुखलंखुपलं तर खरं सांगत जा." तिच्या शेजारी गयामावशी होती. मावशी म्हणजे आमची शेजारीण आणि गावची आशाताई. खांद्यावरची औषधांची पिशवी न उतरवताच ती स्टेशनवर आली होती.

कॅनडात मी सार्वजनिक आरोग्य शिकते. दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांनी एखाद्या गावासोबत काम करायचं ठरलं, तेव्हा मी आमचं गाव सुचवलं. आम्ही आठ विद्यार्थी आणि गावच्या बचत गटातल्या बाया, सगळ्यांनी मिळून मोबाईलवर एक यादी बनवली. दर मंगळवारी मावशीने घरोघरी म्हाताऱ्यांचा बीपी मोजायचा, आकडा आम्हाला इथे दिसणार. आम्ही त्यात 'घर बंद' असं बटण ठेवलं होतं. बायांनी ते काढायला लावलं, म्हणजे आकडा भरल्याशिवाय यादी पुढच्या घरावर सरकायचीच नाही. "हळदीकुंकवाला गल्लीतलं एक घर टाकत न्हाईत आमी, मग हे कसं टाकावं?" आम्हा शिकलेल्यांना ते फार आवडलं. यादीत पहिलं नाव मायचं होतं.

पुढच्या हिवाळ्यात माय झोपेतच गेली. मी पोहोचले तेव्हा दहावा दिवस होता. घराला कुलूप लावलं, किल्ली मावशीकडे दिली आणि परत आले. मायच्या नावापुढे 'मृत्यू' दाबायचं काम माझं होतं. आज करू, उद्या करू म्हणत मी ते राहू दिलं.

नंतरच्या मंगळवारी सकाळी लॅबमध्ये स्क्रीन उघडली, तर मायचं नाव हिरवं झालेलं. भेट झाली. जागा, आमचा ओटा. बीपी, नाडीचे ठोके, सगळं भरलेलं. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. जुनीच नोंद पुन्हा आली असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या मंगळवारी आकडा वेगळा होता.

मी कुणालाच सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माझ्यासारख्या घर सोडून आलेल्यांना हे कळेल. मी मंगळवारची वाट बघायला लागले, अंगातलं जॅकेट न काढता आधी तिचं नाव शोधायचे. मग आकडा चढायला लागला. पाचव्या मंगळवारी तर इतका चढला की माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "माय, गोळी घे गं!" शेजारचा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. बीपी मोजायच्या त्या पट्ट्यात कुणाचा तरी जिवंत दंड होता.

मी मावशीला फोन लावून विचारलं, मायच्या नावावर कुणाचा बीपी भरतेस. गावात संध्याकाळ होती.

"अगं, घर टाकून पुढं कसं जाऊ? मोबाईल बी सरकू देईना," मावशी म्हणाली. "मग बसते तुमच्या ओट्यावर, पट्टा माझ्याच दंडाला लावते अन् तुझ्या मायच्या नावावर टाकते."

"आणि तुझं नाव?"

"मी तपासणारी. माझं नाव कशाला असंल?"

"चक्कर येते का?"

"येती कवाकवा. उन्हानं असंल."

आठ जणांनी डोकं चालवून बनवलेल्या यादीत मावशीच नव्हती, आणि तिच्या दुखण्यावर मी पाच आठवडे स्वतःचं समाधान करून घेत होते. मला माझी लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी बचत गटाच्या बायांनी तिला पूर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. अजून उशीर केला असता तर अर्धांगवायूची वेळ आली असती, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवशी मी मायच्या नावापुढे 'मृत्यू' दाबलं, खाली गयामावशीचं नाव घातलं आणि खूप रडले.

मावशी अजूनही आमच्याच ओट्यावर बसून बीपी मोजते. इथे कुणी घराबद्दल विचारलं की मला खोल्या आठवत नाहीत, ओट्यावरची तेवढी जागा आठवते.

गेल्या मंगळवारी तिचा फोन आला. आकडा खाली आला होता.

"तुझी माय बी म्हणायलीय, आता लय बरं हाय म्हणून."

एरवी असल्या बोलण्यावर मी हसले असते. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि विचारलं, "अजून काय म्हणायलीय?"