कोपरापासून मनगटापर्यंत

हातात गोंदणाचं मशीन घेऊन बसायचं आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं, अशी रीत असलेली एकच बाई मी पाहिली. पंचवटीत भाजीबाजाराकडून नदीवर उतरणाऱ्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर गोंदणमावशी बसायची. बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, शाईच्या बाटल्या, नक्षीचे नमुने असलेला एक कागद आणि गिऱ्हाइकासाठी स्टूल, एवढाच तिचा पसारा. तिला नाव असेलच, पण गल्लीत ते कोणी कधी वापरलं नाही.

यात्रेला आलेल्या बायकांना ती तुळस, त्रिशूळ, नवऱ्याचं नाव, मागतील ते काढून द्यायची. पण मिसरूड फुटलेला पोरगा स्टुलावर बसला की मशीन खाली ठेवायची आणि विचारायची, "भरतीला जानार हाय का?" तो हो म्हणाला की विषय संपला. कोणाला दंडावर वाघ हवा असायचा, कोणाला मानेवर आईचं नाव. मावशी स्वतःच्याच हातावर बोट फिरवून दाखवायची. "हितून हितपर्यंत. कोपरापासून मनगटापर्यंत, ते बी आतल्या अंगानं. नायतर पंजाच्या पाठीवर. बाकी कुटं बी काडलं तर मिल्ट्रीचा डॉक्टर घरी पाठवतो." आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हा नियम तोंडपाठ होता. मी रोज अर्ज भरते, तरी मला कागद बघावा लागायचा.

पोरगं हुशार निघालं आणि म्हणालं, "मग मनगटावरच काढा," तरी ती काढायची नाही. "आज चालतंय, उद्या साहेबाला नाय आवडलं तर? नोकरी लागू दे, मंग ये. फुकट काडून देते." एक पोरगा तर हटूनच बसला होता. म्हणाला, "मावशी, आईचं नाव आहे. आईच्या नावाला सैन्यवाले नाही म्हणतील का?" मावशी म्हणाली, "आईनं सोताच्या हातानं काडलेलं बी चालत नाय बाबा, नाव तर लांबच राह्यलं." पोरगा हसत निघून गेला. मी दुकानात मान खाली घालून उगाचच कागद सारखे करत बसले.

कारण ते आईनं काढलेलं मला माहीत होतं. मावशीची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिच्या माहेरी पिढ्यान् पिढ्या गोंदणाचाच धंदा, आणि त्या घरांत रीत अशी की मुलं जगत नसली तर पुढच्याच्या छातीवर विंचू गोंदायचा. तिसरा सागर झाला, तेव्हा तिनं तो स्वतः गोंदला. मला सांगताना तिनं समोरच्या भाजीच्या पाट्यांकडे हात केला होता. "डागी माल कोन उचलतंय, ताई? म्हनून डाग लावला. लय रडला त्यो. त्याच्यापेक्षा म्या जास्त रडले. पन जगला."

नुसता जगला नाही, चांगला उंचापुरा झाला. रोज पहाटे पळायला जायचा आणि परत येताना माझ्या दुकानाशी थांबून भरतीची जाहिरात आली का विचारायचा. जाहिरात आली तेव्हा त्याचा अर्ज मीच भरला. मावशी मागे उभी राहून पडद्याकडे असं बघत होती की जणू नेमणुकीचं पत्र तिथूनच बाहेर येणार आहे. अर्जासोबत सूचनांची पानंच्या पानं होती. त्या वाचून दाखवायच्या असतात. त्या दिवशी दुकानात रांग होती, मी ती पानं सरकवली आणि पुढच्या रकान्यावर गेले. एवढंच झालं.

सागर पळण्यात पास झाला, उंचीत पास झाला आणि वैद्यकीय तपासणीत शर्ट काढल्यावर बाद झाला. दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "कुटं लिवलंय ते दाव." मी बोट ठेवलं. तिनं मला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली. नियम तिला पाठ झाला तो तेव्हा. मग तिनं विचारलं, "हे आदीपासून व्हतं का?" मी म्हणाले, "मावशी, सूचना फार लांबलचक असतात हो." या उत्तराची मला आजही लाज वाटते.

वयात बसणारी आता एकच भरती उरली होती. मावशीनं मनाशी ठरवलं की जे आपण काढलं ते आपणच पुसायचं. जुन्या बायका नको असलेलं गोंदण बिब्ब्याच्या तेलानं जाळायच्या, हे तिनं लहानपणी पाहिलेलं. तिनं बिब्बा तापवला आणि पोराच्या छातीवर लावला. कातडी जळाली, चिघळली, महिनाभर पोराला अंगात सदरा घालवेना. विंचू गेला आणि त्या जागी तळहाताएवढा जाड, लालसर व्रण आला. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरांनी त्या व्रणावरून त्याला नापास केलं. सागर शहरातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर म्हणून लागला, तिकडेच खोली घेतली आणि आईकडे येणं जवळजवळ सोडलं.

त्यानंतर मावशीनं पोरांना परत पाठवायला सुरुवात केली. धंदा निम्म्यावर आला. गल्लीतले लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय. मला मात्र तिचं डोकं इतकं ताळ्यावर असल्याचंच भय वाटायचं.

एकदा सुरगाण्याकडचा एक आदिवासी पोरगा माझ्याकडे दाखल्याची प्रत काढायला आला. त्याच्या गळ्याखाली गोंदण होतं. मावशी घाईघाईनं रस्ता ओलांडून आली. "अरं, तुला घेनार नाय." मी तिला समजावलं की आदिवासींच्या रीतीच्या गोंदणाला सैन्यात सूट असते, फक्त कागदपत्रं लागतात. तिला खरंच बरं वाटलं, तिनं त्या पोराच्या पाठीवरून हात फिरवला. तो गेल्यावर ती काउंटरला टेकली. मग म्हणाली, "आमच्यात बी रीतच व्हती ना, ताई. आमचा कागद कुटं भेटतो?" त्यांची जात आदिवासींच्या यादीत नव्हती, त्यामुळे तसा कागद नव्हता. मी नाही म्हणाले, तेव्हा तिनं मान हलवली आणि परत पायरीवर जाऊन बसली.

या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. सरकारी दवाखान्यात मी तिला दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी तिनं माझा हात धरला. "सागरला म्हनाव, म्या वाईट करायला नव्हतं केलं. जगवायला केलं व्हतं." तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं की मावशी, तुम्ही विंचू काढलात तेव्हा तुम्हाला कोणी नियम सांगितलेला नव्हता, मला मात्र तो वाचून दाखवायचा होता आणि मी दाखवला नाही. त्याऐवजी "बोलू नका, आराम करा," असं म्हणून मी उठले. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

पंधरवड्यानं सागर दुकानात आला, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला. मी त्याला आईचा निरोप सांगितला. तो काचेवर हात ठेवून उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "काकू, मी वाचलं होतं."

"काय वाचलं होतंस?"

"टॅटूचा नियम. तुमच्याकडे अर्ज भरायच्या आधीच, मोबाइलवर. म्हटलं, एवढासा तर विंचू आहे, पळण्यात पुढे आलो तर कोण बघतंय. आईला वाटलं, तिला आधी माहीत असतं तर काहीतरी केलं असतं. मी तसंच वाटू दिलं. मला कोणावर तरी चिडायचं होतं, आणि ती काही उलटून बोलायची नाही."

मग मीही त्याला माझं सांगितलं, त्या रांगेचं आणि सरकवलेल्या पानांचं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "मग तुम्ही तरी सांगायचं होतं तिला."

तिची पायरी माझ्या काउंटरपासून दहा पावलांवर होती, आणि तो तर तिच्या पोटचा. चूक तिची एकटीची नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ती मात्र आपण पोराला जगवायला गेलो हाच आपला गुन्हा, असं समजून गेली.