टकलाचे योगदान

आरोग्यसंशोधनाच्या इतिहासात माझ्या टकलाची नोंद व्हावी, असे मी येथे अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो.

पोलादपूरहून महाडला येणाऱ्या एसटीत शेजारी एक तरुणी बसली होती. मांडीवर जाळीचे झाकण लावलेला डबा. दर वळणाला ती त्यात डोकावून म्हणायची, "झालं हं, आलंच महाड." मला वाटले, कोंबडीचे पिल्लू असेल.

"डास आहे," ती हसून म्हणाली. "हिवतापावर पीएचडी करतेय. आई म्हणते, एवढं शिकून डासच धरायचे होते? पण इतके गोठे पालथे घातले, तेव्हा या जातीची ही एकच मादी मिळाली. जिवंत पोचायला हवी."

इतक्या मायेने डासाशी बोलणारे माणूस मी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, झाकण उडाले आणि ती एकुलती एक मादी माझ्या टकलावर बसून जेवू लागली. माझा हात आपोआप वर गेला. तरुणीचा चेहरा पांढराफटक! ती काचेची नळी घेऊन श्वास रोखून पुढे सरकली. तोच मागच्या बाकावरच्या आजींनी माझे मनगट धरले आणि त्या कडाडल्या,

"मारू नको रे मेल्या! पिऊ दे तिला पोटभर, पोरीच्या डॉक्टरकीचा सवाल हाय!"