मृदंगाची कणीक

सावली गावाजवळच्या त्या धानाच्या खेड्यातून तीस वर्षं जेवढी माणसं मसणात गेली, ती सगळी मुखरू गुरनुलेच्या मृदंगामागून गेली. तिरडी उठली की पुढे भजनवाले आणि त्यांच्याही पुढे मुखरू. चाल ठरलेली, संथ, पावलागणिक एक थाप. ती चाल वाजवणारा गावात तो एकटाच होता.

मृदंगाच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे त्यातून भरदार आवाज निघतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी. ही कणीक मळायची त्याची बायको भागीरथा. घरात दोन्ही वेळ भातच. गव्हाचं पीठ तिथं कुणी खायला आणलंच नव्हतं. एका पितळी डब्यात ते फक्त मृदंगासाठी राखलेलं असे. बोलावणं आलं की भागीरथा न सांगता गोळा मळून नवऱ्याच्या हातावर ठेवी. लेकरूबाळ नव्हतं; दोघांचं सगळं कौतुक त्या वाद्यावरच.

"आख्ख्या गावाले पोचवता, मले कोन पोचवन?" तिनं एकदा चेष्टेत विचारलं.

"मीच. आनखी कोन? तू फक्त कणीक मळून ठेवजो."

दोघं पोट धरून हसले. असली थट्टा माणूस करू शकतो, कारण ती कधी खरी होईल असं त्याला वाटत नसतं.

मुखरूला दुःख एकच होतं. शिकायला कुणी नव्हतं. पुतण्या पियुष चार दिवस बसला आणि मग डीजेच्या गाडीमागे गेला. गावाला मुखरूची आठवण यायची ती कुणी मेलं की. एरवी त्याच्या ओट्यावर कुत्रंही फिरकत नसे.

अशात मार्कंड्याच्या यात्रेत प्रणितनं त्याला ऐकलं. प्रणित ऊर्जानगरला, वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, आता मेलबर्नला, तिथल्या मराठी भजन मंडळाचा चिटणीस. तो म्हणाला, "मुखरूभाऊ, आमच्या मुलांना देव फोटोत माहीत आहे, पण टाळ-मृदंग माहीत नाही. आपलं काहीतरी तिकडे रुजायला हवं. दोन वर्षं या. चाळीस मुलं आहेत."

चाळीस! त्या आकड्यानंच मुखरू अर्धा वेडा झाला. तरी पाय निघेना. शेवटी भागीरथानंच ढकललं. "जा ना. इथी कोन आयकून राह्यलं तुमाले? तिथली लेकरं तरी शिकतीन. मी काई पळून नाई जात."

तिथं तो गुरुजी झाला. दर रविवारी दुपारी देवळाच्या हॉलमध्ये मुलं ओळीनं बसत, त्यांच्या आया घरून डबीत कणीक मळून देत. मुलांना मराठी अडखळत येई, पण हात बरोबर पडे. मुखरू फोनवर सांगे, "पोरं सोनं हायेत, भागीरथा." ती हसून विचारायची, "आन कणीक? पातळ तर नाई करत त्या बाया?" दीड वर्ष असं सुखात गेलं.

मग एका शनिवारी पियुषचा फोन आला. ताप होता, कुणाला मोठा वाटला नाही, संध्याकाळी भागीरथा अंगणात बसल्या बसल्या गेली. प्रणितनं धावपळ करून तिकीट पाहिलं, पण घरी पोचायला दोन दिवस लागणार होते. गावाकडे प्रेत तेवढं थांबत नाही. सकाळी उचलायचं ठरलं. गावातली सकाळ म्हणजे मेलबर्नची रविवारची दुपार. मुखरूनं कुणाला कळवू दिलं नाही आणि क्लासही बंद ठेवू दिला नाही. खोलीत एकटा बसलो तर जीव जाईल, म्हणाला.

हॉलच्या कोपऱ्यात तो फोन धरून उभा राहिला. तिकडे पियुषची बहीण दिव्यानी फोन हातात घेऊन तिरडीबरोबर चालत होती. पडद्यावर धुळीचा रस्ता, हिरवं लुगडं, पियुषच्या गळ्यात मुखरूनं घरी ठेवलेला जुना मृदंग. पोरानं निदान गळ्यात घातला होता. त्यानं थाप मारली. कोरडा, बद्द आवाज. डावं तोंड मुकं होतं. कणीक लावायचं पियुषच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि जी न सांगता मळून द्यायची ती तिरडीवर होती.

"पियुष! कणीक लाव! पितळी डब्यात पीठ हाये! थांबवा तिले, थांबवा!"

"मोठेबाबा, काई आयकू येत नाई," दिव्यानी रडत म्हणाली. चार पावलांनी पियुषनं लाजून वाजवणं सोडलं. मग नुसत्या पायांचा आवाज. त्या रस्त्यानं मुकी जाताना मुखरूनं पाहिलेली पहिली तिरडी त्याच्या बायकोची होती. रेंज गेली आणि फोन काळा झाला.

"गुरुजी, कणीक," पुढच्या ओळीतल्या रंजीता नावाच्या मुलीनं डबी पुढे केली. गोळा मऊ होता, अगदी भागीरथा मळायची तसा.

मुखरूनं तो डाव्या तोंडाला थापला, मृदंग गळ्यात घातला आणि उभ्यानं ती तिरडीची चाल सुरू केली. ह्या मुलांना ती त्यानं कधी शिकवली नव्हती, शिकवायची गरजच पडली नव्हती. पण पोरं तयार होती. दुसऱ्याच आवर्तनाला चाळीस जणांनी ती उचलली. हॉल भरून घुमला. मुखरूच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि दाराशी उभे असलेले आईबाप, ज्यांना अजून काहीच कळलं नव्हतं, मोबाइलवर ते टिपत होते. चाल संपली तसा टाळ्यांचा कडकडाट झाला.

"किती सुंदर, गुरुजी!" रंजीताची आई पुढे आली. "गणपतीत हीच बसवू या. ही तुमच्याकडे कुठं वाजवतात?"

मुखरूनं नखानं कणीक खरवडायला घेतली.

"आमच्या गावात वाजवत होतो, बाई," तो म्हणाला. "आता तिथी कोनाले येत नाई."