सहाशे बारा जणांमध्ये रिद्धी

जेवताना तो ताटाकडेच बघतो. घरचा फोन आला की उठून रस्त्यावर जातो. ताप होता हे ताप उतरल्यावर सांगतो. कसा आहेस विचारलं तर दुकान कसं चाललंय ते सांगतो. मिठी मारली की पाठीवर दोनदा थापटून सुटका करून घेतो. स्टँडवर पोचवायला येतो आणि बस सुटायच्या आधीच निघून जातो.

हा रिषभ. शहाद्यात त्याचं भांड्यांचं दुकान, शेजारी आमचं वेल्डिंगचं. तिसरीपासून आम्ही एका बाकावर. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, तो वडिलांच्या, हस्तीमलकाकांच्या जागी बसला. माझा सगळ्यात जवळचा मित्र. जवळचा म्हणजे किती, ते मला या भाद्रपदात कळलं.

रिद्धी त्याची बायको, दोंडाईच्याची. लग्नाला तीन वर्षं झाली. जूनमध्ये माहेरी गेली ती आलीच नाही. मारहाण नाही, दारू नाही. सासू धनकंवरकाकू तर तिच्याच बाजूच्या. त्यामुळे कारण कुणालाच कळेना. मला तिनेच फोनवर सांगितलं. ती मानसशास्त्र शिकलेली.

"मुजफ्फरभाई, काही माणसं कुणी जवळ आलं की मागे सरकतात. काही माणसं समोरचा सरकला की घाबरून ओढायला लागतात. तो पहिल्यातला, मी दुसऱ्यातली. मी दहा फोन करते म्हणून तो उचलत नाही. तो उचलत नाही म्हणून मी अकरावा करते."

मला पटलं. रिषभ सहा वर्षांचा असताना, काकू आजारी म्हणून, त्याला राजस्थानात मामांकडे ठेवलं होतं. दीड वर्ष. तो परतल्यावर सगळे एकच सांगत होते, पोरगा एकदाही रडला नाही. फार कौतुक झालं त्याचं.

रिद्धीची अट साधी होती. संवत्सरीपर्यंत त्याने तिच्याशी स्वतःच्या शब्दांत बोलावं. येऊन, नाहीतर फोनवर. नाही बोलला तर ती सुरतेच्या शाळेत नोकरी धरणार आणि परत येणार नाही.

संवत्सरी म्हणजे जैनांचा क्षमा मागायचा दिवस. मनातली गाठ त्या दिवसापलीकडे न्यायची नाही, असं ते मानतात. मला वाटलं, बाईने दिवस बरोबर निवडला. त्या दिवशी तर सगळेच हात जोडतात.

रिषभनेही जोडले. उपवास होता, ओठ सुकले होते. प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून तो घरोघर गेला. समोरच्या दुकानदाराशी चार वर्षं बोलत नव्हता, त्याच्यासमोर वाकला. ब्राह्मणपुरीच्या रेवाबाईला गळका हंडा दिला होता, तिची फोनवर माफी मागितली. मलाही म्हणाला, "मिच्छामि दुक्कडम, भो." मी खूश. आता दोंडाईचा, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिद्धीचा फोन आला. आवाज थंड होता.

"आलं मला. वाचू? 'आमचे सर्व ग्राहक व हितचिंतक यांना कळत-नकळत दुखावलं असल्यास मिच्छामि दुक्कडम.' वर दुकानाचा फोटो."

त्याने फोनमधल्या सगळ्या नंबरांच्या याद्या करून तोच मजकूर पाठवला होता. सहाशे बारा जणांना. त्यात एक नंबर 'रिद्धी घर'.

"मी उत्तर दिलंय," ती म्हणाली, "क्षमा केली. आपली, एक ग्राहक."

मी तसाच दुकानात गेलो.

"धाडं ना मी! येळवर धाडं," रिषभ म्हणाला.

"बायकोले दुकानना फोटो?"

"सगळास्ले तोच धाडा."

"ती सगळास्मा शे का रे?"

तो एक पातेलं पुसायला लागला. पुसलेलंच होतं ते. मग हळूच म्हणाला, "तू एम.ए. शे ना? तूच लिखी दे दोन ओळी. मी सही करसू."

"सही? चलान शे का ते?"

तो हसला. मला त्याच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं.

मी रिद्धीपुढे गयावया केली. शेवटी ती म्हणाली, "सोमवारी सकाळी सुरतेला निघतेय. तोवर एक कागद आणा. अक्षर त्याचं, शब्द त्याचे."

रविवारी तीनला मी मोटारसायकल दुकानासमोर लावली. सारंगखेड्याचा पूल ओलांडला की तासाभरात दोंडाईचा. कागद दिला, पेन दिलं, मुद्दाम बाहेर थांबलो. त्याने लिहायला सुरुवात केली. पेन मध्येच थांबलं. काचेतून दिसलं मला ते. मी आत जायला हवं होतं का, अजून कळत नाही.

गिऱ्हाईक आलं. तो लगेच उठला. सात हंडे काढले, एकेक वाजवून दाखवला, पाणी भरून दाखवलं. त्यांनी एकही घेतला नाही. तरी तो त्यांच्याशी बोलतच राहिला. ते गेल्यावर त्याने वरची फळी लावायला घेतली.

"रिषभ, कागद!"

"करी ऱ्हायनू ना भो."

सहाला त्याने शटर ओढलं. "सकाळे लिखसू," म्हणाला आणि मी काही बोलायच्या आत घराकडे वळला.

सकाळी ती गेली. कागद माझ्याकडे आहे. त्यावर एवढंच आहे: 'रिद्धी, तू गेल्यावर मला'