न धुतलेला हात

नौपाड्यात वडापावच्या गाडीपाशी एका कडक इस्त्रीतल्या गृहस्थांनी रस्त्यालगतच्या धुळकट कठड्यावरून मुद्दाम तळवा फिरवला आणि त्याच हाताने वडापाव घेतला. मी धावलोच! पाण्याची बाटली पुढे केली. "अहो, हात धुवा आधी!"

ते घामाघूम झाले. "मोहात पाडू नका हो! कातडी सोलली तरी दिवसभर हातच धुतो मी. त्याच आजारावर उपचार चाललेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, घाण लावायची, भीती वाटू द्यायची, पण धुवायचं नाही."

त्यांची नजर बाटलीवरून हटेना. मी ती चोरासारखी पाठीमागे लपवली.

"गेली का भीती?" मी हळूच विचारलं.

"छे! पण ती जायची वाट बघत बसलो, तर वडा गार होईल," म्हणाले आणि त्यांनी त्याच धुळकट हाताने भलामोठा घास घेतला.