टाकीखालची तीट

नवी वस्तू घरात आली की मी ती आधी उलटी करून बघतो, ही माझी खोड घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मिक्सर असो, खुर्ची असो, नातवाची सायकल असो, उलटी करता येत नसेल तर मी जमिनीवर गाल टेकवतो आणि तिचा तळ बघतो. सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत बापड्या. ही खोड मला काही जन्मापासूनची नाही, ती इंदापूरहून आणलेली आहे.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली वर्षं होती. बारामतीच्या बाहेर कॅनॉलच्या कडेला आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मिरची, बांधाला पेरू. कर्ते आम्ही दोघेच, आमचे वडील आबा आणि मी. आबांना मातीशिवाय काही सुचत नसे आणि मला मातीत काही सुचत नसे. माझा सगळा जीव रंगात होता.

त्याला कारण तात्या. तात्या पेठेतले पेंटर. दुकानांच्या पाट्या, टांगे, लोखंडी ट्रंका, मालट्रक, समोर येईल ते रंगवायचे. मी त्यांच्याकडे शिकायला लागलो तेव्हा चांगला लग्न झालेला बाप्या होतो, पण त्यांच्यापुढे मांडी घालून बसायला मला कधी लाज वाटली नाही. सकाळी मळ्यातली तोड उरकायची आणि दुपारी तात्यांकडे पळायचं, असं पाच वर्षं चाललं. पत्र्याला खड्डा असेल तर लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, कशी भरायची, ती ओल्या पॉलिशपेपरनं घासून काचेसारखी कशी करायची, पहिला हात पातळ का आणि शेवटचा हात सावकाश का, हे सगळं त्यांनी मला हातात हात धरून शिकवलं. आबांनी मला चालायला शिकवलं असेल, पण उभं तात्यांनी केलं असं मी चारचौघांत म्हणायचो. आबांच्या देखतसुद्धा म्हणायचो. गाढव होतो.

तात्यांची एक रीत होती. काम पुरं झालं की ते दिव्याचं काजळ तेलात कालवायचे, करंगळी त्यात बुडवायचे आणि वस्तूच्या खाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, एक तीट लावायचे. लेकराच्या गालाला लावतात तशी. म्हणायचे, "चांगल्या कामाला लोकांची नजर लागती, गड्या." त्यांच्या करंगळीचं टोक लहानपणी पत्र्यात सापडून तुटलेलं होतं. त्यामुळे त्यांची तीट कधी गोल उठली नाही, एका बाजूनं कापल्यासारखी उठायची. टांग्याखाली, ट्रंकेखाली, पाटीच्या मागे मी ती तीट शेकडो वेळा पाहिली होती. कधी सही न करणाऱ्या माणसाची ती सहीच होती म्हणा ना.

पुढे मी विहिरीपाशी चार पत्रे टाकून स्वतःची शेड केली. घरचाच कारखाना. बैलगाड्या, पेट्या, एखादा टांगा यायला लागला. अशात डाळजचे एक ट्रकवाले आमची वांगी पुण्याला न्यायला आले होते, ते माझं काम बघून थांबले. त्यांचा नवा ट्रक बांधून तयार होत होता. ते म्हणाले, "ब्रशची रेघ दिसाय नको बघा. पुण्यात फवाऱ्यानं रंग मारत्यात, तसा मारता का? ह्यो जमला तर माझं बाकीचं दोन बी तुमच्याकडंच."

फवाऱ्यानं रंग मारायचा तर हवेचा कंप्रेसर हवा. विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन होतंच. कॅनॉलला पाणी सुटलं की ते मोकळं असायचं. त्याला पट्टा लावून कंप्रेसर फिरवता येईल, एवढा हिशेब मी मनात केला आणि आबांपुढे उभा राहिलो.

आबा पेरूच्या फांद्यांना टेकू देत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वांग्याचं सगळं पैसं घेऊन जा. पर दसऱ्यापतोर. दसऱ्याला तुझा ट्रक पूजेला हुबा ऱ्हायला तर मी परत तुला मळ्यात बोलवायचा न्हाय. न्हाय ऱ्हायला तर खुरपं हातात घ्यायचं आन् रंगाचं नाव काढायचं न्हाय. हाय कबूल?"

"हाय," मी म्हणालो. मला आबांची कीवच आली. मनात म्हटलं, माझ्या पाठीशी तात्या आहेत.

तात्यांना विचारलं, मशीन कुठं घ्यावं. ते आठ-दहा दिवस इंदापूरला पाट्यांच्या कामाला जाऊन नुकतेच परतले होते. म्हणाले, "पुण्याला कशाला जातूस? इंदापुरात एक व्यापारी हाय माझ्या वळखीचा. इंजिनं, पंप ठेवतो. नवं मशीन आलंय म्हणत हुता." मी म्हटलं, तुम्ही बरोबर चला, मला यंत्रातलं काय कळतं? ते जरा घुटमळले. मला वाटलं, थकले असतील. मग म्हणाले, "बरं, येतो."

एस.टी.नं गेलो. दुकानाच्या मागच्या पडवीत कंप्रेसर होता. हिरवागार, आरशासारखा. त्यावर पिवळी बारीक रेघ अशी ओढलेली की वा! व्यापारी म्हणाला, कालच खोक्यातून काढला, बाहेरदेशचा माल. मी भुललो. आता वाटतं, ती रेघ कुणाच्या हातची हे मला तिथंच कळायला हवं होतं. पण आपल्या घरचा माणूस परक्याच्या दारात बसलेला असेल असं मनात तरी का यावं?

तात्यांनी त्याच्या हवेच्या टाकीवर दोनदा बोट वाजवलं. मग इकडं तिकडं बघत हळूच म्हणाले, "वस्तू घेताना एकदा वाकून बघून घ्यावं."

मी म्हणालो, "तुमी हायसा न्हवं तात्या. तुमी बघितल्यावर मी काय बघायचं?"

आमच्याकडे वडीलधाऱ्यानं पारखलेल्या बैलाचे दात दुसऱ्यानं बघायचे नसतात. बघितले तर तो त्या माणसाचा अपमान. मी तो अपमान कसा करीन? व्यापारी हसला, व्यवहार झाला. पैसे दिल्यावर मी तिथंच खाली वाकून तात्यांच्या पाया पडलो. टाकीचा तळ तेव्हा माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता. तात्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "येश येऊ दे." मग भाड्याच्या गाडीत मशीन चढवताना त्यांनी दुसरी बाजू स्वतः उचलून धरली.

मळ्यात मशीन आलं तेव्हा आईनं त्यावर हळदकुंकू वाहिलं. आबांनी लांबूनच बघितलं. पट्टा लावला, इंजिन सुरू केलं, आणि हवेचा काटा चढायला लागला. जरा सावकाशच चढत होता. मला वाटलं, नवं आहे, आखडलेलं असेल. नवी सून नाही का पहिले दिवस बिचकत?

ट्रक आला. मी केबिन घासली, अस्तर मारलं, मग फवाऱ्यानं निळा रंग दिला. काय सांगू, रेघ नाही, ओघळ नाही, नुसती झळाळी. दसऱ्याला बारा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळ्या केबिनवर देवीचे व्रण असावेत तसे बारीक बारीक खड्डे, आणि त्यांत तांबडे ठिपके. मला वाटलं, धूळ बसली. सगळं घासून काढलं, शेडला गोणपाटं बांधली, पुन्हा रंग दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टर्पेंटाइननं पत्रा पुसून पुसून हात सोलले. पुन्हा तेच. तीन वेळा माझा मीच मूर्ख ठरलो, पण मशीनवर संशय आला नाही. तात्यांनी बघून दिलेलं मशीन ते!

शेवटी हवेबरोबर काही येतंय का बघावं म्हणून मी टाकीच्या खालचं बूच सोडायला जमिनीवर उताणा झालो. बूच फिरवलं तसं तोंडावर तांबडं पाणी आणि काळं तेल भसकन आलं. डोळे पुसले आणि वर बघितलं. बुचाशेजारी तीट होती. एका बाजूनं कापलेली.

मी उठलो, खिळा घेतला आणि टाकीवर ओढला. हिरव्या रंगाखाली लांबी निघाली. छान भरलेली, काचेसारखी घासलेली, मला शिकवली होती अगदी तशी. लांबीखाली लष्करी खाकी रंग आणि त्याखाली गंजानं खाल्लेला पत्रा. लढाईत वापरून टाकून दिलेलं मशीन होतं ते. वरून कीर्तन, आतून तमाशा, आणि कीर्तनकार आमचे तात्या.

व्यापाऱ्याकडे मी गेलोच नाही. विकणं हा त्याचा धंदा होता, माझं त्याचं भांडण नव्हतं. मी पेठेत गेलो. तात्या एका पाटीवर अक्षरं काढत होते. मला बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

मी म्हणालो, "टाकीखाली तुमची तीट हाय."

"व्हय," ते म्हणाले. "मी म्हणलो हुतो तुला, वाकून बघ म्हणून."

"तुमाला ठावं हुतं मी घेणार हाय त्ये?"

"रंगवलं तवा न्हाय. तू इचारलंस तवा ठावं हुतं." त्यांनी एक वेलांटी पुरी केली. "त्यो व्यापारी मला वर्सभर काम देतो. त्याच्या दारात हुबं ऱ्हाऊन त्याच्याच मालाला नाव ठिवू? खूण हुती की. तुला पाच वर्सं शिकवलं ते डोळं उघडं ठिवायला."

"मी तुमच्यावर डोळं मिटलं हुतं, तात्या!"

माझा आवाज चढला तशी पेठेतली माणसं बघायला लागली. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. शिव्या ओठांवर आल्या होत्या, पण ज्या माणसाच्या पाया पडलो त्याला शिवी द्यायला जीभ वळेना. परक्यानं मान कापली असती तर ओरडलो तरी असतो. केसानं गळा कापला की आवाज फुटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणे वाकून बघ! एकदा, हळू आवाजात, भिंतीकडे बघत म्हणाले होते. आणि गाडीत चढवताना मात्र दुसरी बाजू उचलून धरली होती ना?

निघताना मी एवढंच विचारलं, "मग येश येऊ दे कशाला म्हणलासा?"

त्यांनी पाटीकडे तोंड फिरवलं. ब्रश डब्यात बुडवला.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा ट्रकवाले आले. खड्डे पडलेली केबिन बघितली, भला माणूस होता, भांडण न काढता ट्रक घेऊन गेले. दसऱ्याच्या दिवशी आबांनी अवजारं पुजली. पूजा झाल्यावर त्यांतलं एक खुरपं काढून माझ्यापुढे ठेवलं. टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी वांग्यात बसलो. शेड आबांनी बैलांना दिली.

महिन्याभरानं भाजी न्यायला ट्रक आला. तोच. निळा, झळझळीत, कडेनं पिवळी बारीक रेघ. ब्रशनं रंगवलेला होता, पण ब्रशची रेघ शोधून सापडेना. ट्रकवाले जरा खाली बघत म्हणाले, "दसरा तोंडावर आला हुता. तात्यांनी रात्रीचा दिवस करून दिला बघा. बाकीचं दोन बी त्येंच्याकडंच दिलं."

म्हणजे माझं कामही तात्यांनीच घेतलं होतं. आबा वांग्यांनी भरलेल्या पाट्या मोजत होते. मी मागच्या चाकापाशी गेलो आणि गुडघे टेकून खाली वाकलो. मनात वेडी आशा होती. वाटत होतं, या ट्रकला तरी त्यांना तीट लावता आली नसेल. लावली असेल तर पुसट असेल, फराटा उठला असेल, काजळ सांडलं असेल. माझ्या ट्रकला बोट लावताना त्यांची करंगळी एवढी तरी थरथरली असेल.

तीट होती. काळीभोर, नेमकी, एका बाजूनं कापलेली. हात जरासुद्धा हलला नव्हता.

"खाली काय बघतूस?" आबांनी हाक मारली. "पाटी उचल."

मी उठलो आणि पाटी उचलली.