‘मले’नं सुरू करा

मनाच्या डॉक्टरकडे नोकरी केली की किस्से शोधावे लागत नाहीत हो, तेच येऊन बाकावर बसतात! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नागपुरात सीताबर्डीवर आमच्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता. औषधाची एक बाटली नव्हती, तरी मी कंपाउंडर!

साहेबांचा नियम एकच. पेशंटनं वाक्य ‘मले’नं, म्हणजे ‘मला’नं, सुरू करायचं. ‘तो असा, ती तशी’ बंद. आधी स्वतःचं मन ओळखा, मग नात्याचं बोलू.

इतवारीतले एक शेठ आले. "मले वाटते, माहा भाऊ नालायक आहे!"

"हे भावाबद्दल झालं. तुमच्या मनातलं सांगा."

"मनातलंच सांगून राहिलो न गा! तोंडावर कुठं म्हणतो त्याले?"

*

सक्करदऱ्याच्या एक काकू. राग कोणाचा येतो ते सांगेचनात. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? साहेब म्हणाले, "उखाण्यात घ्या."

काकूंनी पदर सावरला. "चांदीच्या ताटात संत्र्याची फोड, माधवरावांचं बोलणं कधीच नाही गोड!"

माधवराव बाहेर बाकावरच होते. तिथूनच ओरडले, "लग्नानंतर आज नाव घेतलं वं माहं!"

*

साहेबांचं घर दवाखान्याच्या मागेच. साऱ्या नागपूरचं ऐकून घरी गेले की पेपर उघडत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बोलू लागल्या की "हं, हं." शेवटी वहिनींनी बोलणंच सोडलं. निरोप माझ्याकडून.

"साहेबायले सांगा, पानं वाढली."

मी सांगायचो. साहेब मलाच म्हणायचे, "हं." खरं सांगतो, मला दोघांचाही राग यायचा.

*

एका दुपारी वहिनी ट्रंक घेऊन टांग्यात बसल्या. अमरावतीला, माहेरी. परत यायचं नाही, असं मला बजावून सांगितलं. पण टांगा दवाखान्यासमोर थांबवून त्या आत आल्या आणि सरळ पेशंटच्या खुर्चीत बसल्या.

"मले या घरात एकटं वाटते."

साहेब ताडकन उठले. "तुले काहून असं..."

"‘मले’नं सुरू करा, डॉक्टर."

साहेब खाली बसले. चष्मा काढला. "मले..." म्हणाले, आणि पुढचं काही येईना. डोळे मात्र भरून आले.

वहिनींनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग माझ्याकडे वळल्या.

"ट्रंक उतरवून घ्या. ह्यायले वेळ लागन."